दाबा थांबा बोला

ओरडू नका हो माझ्यावर! हो, मीच दाबलं. मीच! हा बघा हात, ह्याच हाताने बटण दाबलं, ह्याच तोंडाने ओरडलो, गाडी थांबली, तुम्हाला उशीर होतोय, सगळं मान्य... पण म्हणून तुम्ही सगळे माझ्याकडे असे काय बघताय, मी काय तुमच्या घरात शिरून पंखा काढून नेलाय? माझ्याकडे नका बघू. खिडकीतून बाहेर बघा. ती बघा, फलाटाच्या त्या टोकाला. निळी छत्री दिसते? छत्रीखाली बाई दिसते? ती माझी मामी. गाडी तिला टाकून निघाली होती, आणि आता ती चालत येतेय. काय म्हणालात काका? गाडी मागे घ्या? अहो गाडी आहे ती, हातगाडी नाही! मागे घ्यायची तर तीन ठिकाणी विचारावं लागतं, आणि तिन्ही ठिकाणची माणसं जेवायला गेलेली असतात. त्यापेक्षा मामी लवकर पोचेल. तिचे गुडघे धरूनसुद्धा.

ओ फाइलवाले साहेब, तिथे नका बसू! बरणी आहे ना तिथे. मामीने जागा धरून ठेवायला बरणी ठेवलीय. काचेची आहे, मधाची. बहिणीकडे चाललीय ती.

तर तुम्हाला सांगतो, हे गाडी थांबणं साधं नाही. हा दहावा प्रकार आहे. आता दहावा म्हणजे काय, हे तुम्हाला कळायला हवं, नाहीतर तुम्ही घरी जाऊन सांगणार, एक वेडा भेटला होता म्हणून. ह्या लाल बटणाची परीक्षा चालू आहे. तीन महिने, फक्त ह्या एका गाडीत. ह्या तीन महिन्यांत उगाच गाडी थांबवल्याचे दहा प्रकार झाले, की बटणं उचकटायची, भोकं बुजवायची आणि विषय मिटवायचा, असं रेल्वेतल्या आमच्या मोठ्या साहेबांनी कागदावर लिहून दिलंय. नऊ झालेत. आज शेवटचा दिवस. संध्याकाळपर्यंत निभावलं असतं, तर सगळ्या गाड्यांना बटणं लागणार होती. आणि हे बटण आणलं कोणी? मी! त्याच्याखालचे शब्द लिहिले कोणी? मी! आणि शेवटच्या दिवशी गाडी थांबवली कोणी? ... हसा. हसा तुम्ही.

तीन शब्द, हो! फक्त तीन शब्द!

मी लांब जाऊन शिकून आलोय. चार वर्षं. काय शिकलास, असं विचारू नका, कारण ते सांगायला मला चार मिनिटं लागतात आणि मामीला एक वाक्य लागतं. ती शेजारणींना सांगते, "आमचा भाचा परदेशात घंटीचा कोर्स करून आलाय." घंटीचा कोर्स! झालं, तेव्हापासून अख्ख्या आळीत मी 'घंटीवाला'. भाजी आणायला गेलो तरी, "काय घंटीवाले, आज काय वाजवताय?" अहो, चालत्या गाडीत संकटात सापडलेल्या माणसाचा आवाज गाडी चालवणाऱ्यापर्यंत कसा पोचवायचा, हे शास्त्र आहे! तिकडे त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत! मी रात्रंदिवस ती वाचली, तिकडे नोकरी मिळत होती ती नाकारली, आणि बॅग भरून इथे आलो. का? आपल्या माणसांसाठी. आपली माणसं काय म्हणाली? "अरे, साखळी आहे की ओढायला!"

साखळी! साखळी ओढली की गाडी थांबते, बरोबर, पण का थांबली हे कोणाला कळतं? साखळीला बोलता येतं? माणसाच्या छातीत कळ आलीय, की चप्पल खाली पडलीय, की बाळाने साखळीला लोंबकळून बघितलंय... सगळ्याला एकच खडखडाट! मला हे नको होतं. मला वाटत होतं, डब्यातल्या माणसाने बोलावं आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी "हं, बोला" म्हणावं. बस्स.

आता हे माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगतो, मामी अजून सिग्नलच्या खांबापर्यंतही आलेली नाही. मी सहा वर्षांचा होतो. आई पाणी भरायला खाली उतरली, आणि गाडी सुटली. मी खिडकीतून ओरडतोय, "थांबा! थांबा!" आई फलाटावरून धावतेय. आणि डब्यातली माणसं मला समजावतायत, "रडू नको बाळ." अहो, मी कुठे रडत होतो? मी निरोप देत होतो! पुढे पोचवा म्हणून! पण पुढे पोचवायला काही नव्हतंच ना... पाच स्टेशनं एकटा गेलो मी. आई पुढच्या गाडीने आली, तेव्हा तिच्या पायात एकच चप्पल होती.  ती एक चप्पल मी अजून विसरलेलो नाही.

असो. असो! काका, खिडकीतून एवढं वाकू नका.

तर आमच्या मोठ्या साहेबांना मी वर्षभर पटवलं. शेवटी ते म्हणाले, "बरं, लाव बाबा. पण बटणाखाली काय लिहिणार?" मी लिहून नेलं होतं. चौसष्ट शब्द. बटण कधी दाबावं, कसं दाबावं, दाबल्यावर पिवळा दिवा लागेल, म्हणजे गार्डच्या डब्यात घंटा वाजतेय, तोपर्यंत धीर धरावा, मग हिरवा दिवा लागेल, म्हणजे गार्डने तिकडून उचललं, मग डबा क्रमांक, आसन क्रमांक आणि अडचण शांतपणे सांगावी. साहेबांनी चष्मा वर केला. "ह्याचं काय करायचं? भिंतीवर निबंध लावायचा? छातीत कळ आलेला माणूस हे वाचेपर्यंत बरा होऊन घरी जाईल." मला पटलं. मी घासूनपुसून तीन शब्दांवर आणलं. दाबा, थांबा, बोला. काय सुंदर आहे की नाही? आधी दाबा. मग थांबा, म्हणजे हिरवा दिवा लागेपर्यंत जरा दम धरा. मग बोला. पोरालासुद्धा कळेल. दाबा, स्वल्पविराम, थांबा, स्वल्पविराम, बोला, पूर्णविराम.

आता त्या पाटीकडे बघा. दिसतात तुम्हाला स्वल्पविराम?

मी रंगाऱ्याला विचारलं, "अहो, स्वल्पविराम कुठे गेले?" तो म्हणाला, "कोण?" म्हटलं, "ते खाली शेपटीवाले ठिपके." "अच्छा, ते होय! मला वाटलं कागदावर चहा उडालाय. मी पाटी स्वच्छ केली, साहेब." स्वच्छ केली! एकशे बारा पाट्या स्वच्छ केल्या त्याने! मी साहेबांकडे धावलो, तर साहेब म्हणतात, "एवढ्याशा टिंबासाठी एकशे बारा पाट्या परत रंगवायच्या? लोक काय मूर्ख आहेत का?"

नाहीत! तिथेच तर घोटाळा झाला. लोक मूर्ख नाहीत, लोक वाचतात! पहिल्याच दिवशी पहिल्याच डब्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांनी पाटी वाचली, दाबलं, हिरवा दिवा लागला, आणि त्यांनी शाळेच्या मैदानावरचा आवाज काढला... "थांबा!" एवढंच. एकच शब्द. गार्ड दचकला, गार्डने ड्रायव्हरला सांगितलं, गाडी जागच्या जागी! सगळे धावत तिथे गेले. "काय झालं बाई? काय अडचण आहे?" बाई शांत. "मला पुढे उतरायचं आहे, तिथे गाडी थांबत नाही. तुमची पाटी मी वाचली. दाबा, 'थांबा' बोला. मी दाबलं, 'थांबा' बोलले." आणि वर काय म्हणाल्या माहितीय? "खरं तर 'थांबा म्हणा' असं हवं. 'थांबा बोला' हे अशुद्ध आहे. पण आजकाल शुद्ध भाषेची अपेक्षा मी कोणाकडूनच करत नाही."

तीन शब्द, हो!

बरं, एवढ्यावर संपलं असतं तर ठीक होतं. पण 'थांबा' म्हणजे काय एकच आहे? गाडी जिथे दोन मिनिटं टेकते त्यालाही आपण थांबाच म्हणतो! दुसऱ्या आठवड्यात एक दूधवाले. दाबलं, हिरवा दिवा लागला, आणि कॅन सावरत म्हणतात, "पिठाची गिरणी." गार्ड म्हणाला, "काय?" "गिरणी, गिरणी! माझा थांबा. पाटीवर लिहिलंय ना, दाबा, थांबा बोला. हे काय, मी बोललो माझा थांबा. ते लाल छपराचं दिसतंय बघा, त्याच्या जरा पुढे, सावलीत घ्या." सावलीत घ्या! अठरा डब्यांची गाडी! आणि त्या दिवसापासून जो तो आपापला थांबा सांगायला लागला. पुलाच्या अलीकडे. पुलाच्या पलीकडे. एका नवऱ्याने पुलाच्या अलीकडे सांगितलं, बायकोने त्याला बाजूला ढकलून पलीकडे सांगितलं, आणि ह्या दोघांच्या वादात गाडी बरोबर पुलावर थांबली!

हे सगळं ज्या गार्डच्या कानात जात होतं, तो गार्ड कोण? विचारा ना. माझा मामा!

हो. ह्या गाडीचा गार्ड माझा सख्खा मामा. एकतीस वर्षं नोकरी. एकतीस वर्षांत त्याच्या वहीत त्याच्या हातून झालेली एक चूक नाही, एक शेरा नाही, एक खाडाखोड नाही. आठ महिन्यांनी निवृत्त होतोय आणि ती वही घरी आणून काचेच्या कपाटात ठेवणार म्हणतोय. मामी म्हणते, त्या कपाटातल्या माझ्या कपबशा कुठे ठेवू, तुमच्या डोक्यावर? मामा म्हणजे नियम. घरातसुद्धा आंघोळीला जाताना वेळ सांगून जातो. आणि अशा माणसाच्या डोक्यावर मी, त्याच्या लाडक्या भाच्याने, ती घंटा बसवली. रोज घरी आल्यावर ताटावर बसला की सुरू. "आज तीन थांबे बोलले. एक जण म्हणाला, जरा हळू घ्या, बाळ झोपलंय." मी म्हणायचो, "मामा, लोकांना सवय होईल." मामा म्हणायचा, "भाच्या, त्यांना झालीय रे. मला व्हायचीय."

आणि प्रत्येक वेळी गाडी थांबली की त्याला वहीत एक पान भरावं लागतं. वेळ, डबा, कारण, आणि खाली छापलेलं असतं, 'आवश्यक / अनावश्यक. लागू नसेल ते खोडा.' मामाने नऊ वेळा 'आवश्यक' खोडलं. नऊ वेळा! मी हात जोडले, म्हटलं, "मामा, ते पुलावरचं तरी... नवरा-बायकोचं भांडण, जिवावर बेतलं असतं की!" मामा म्हणाला, "मग ते घरी बेतलं असतं, माझ्या गाडीत नाही." आणि पट्टी लावून सरळ रेघ मारली. पट्टी लावून! सख्खा भाचा समोर बसलाय!

बघा बघा, आली का? खांबाशी आली! टेकलीय. खांबाला टेकलीय जरा. येईल. दम खाऊ दे तिला.

आता तुम्ही म्हणाल, मग उपयोग काय झाला त्या बटणाचा? सांगतो. एक घड्याळजी आहेत, म्हातारे, रोज सकाळी चौथ्या डब्यात खिडकीशी. ह्या एकट्या माणसाने पाटी बरोबर वाचली. ह्या एकट्या! पहिल्या दिवशी त्यांनी दाबलं, थांबले, हिरवा दिवा लागला, मामा म्हणाला, "बोला." घड्याळजी म्हणाले, "बोलतो. बोला असं लिहिलंय म्हणून बोलतोय. बाकी काय म्हणता? जेवलात का?" मामा खवळला. "काका, हे संकटासाठी आहे!" "हो का? संकट काही नाही हो. घरात बोलायला कोणी नाही, एवढंच." मामाने किल्ली फिरवून बंद केलं. दुसऱ्या दिवशी परत. "आज डबा काय आणलात?" तिसऱ्या दिवशी परत. मामा घरी येऊन चिडचिड करायचा, "नियमात बसत नाही हे!" मग एक दिवस मीच ऐकलं, मामा मामीला विचारत होता, "अगं, आज डब्यात काय दिलंयस? नाही, मला नाही, घड्याळजी विचारतील."

आणि एका मंगळवारी घंटा वाजली नाही. मामाने दहा मिनिटं वाट बघितली. मग पुढच्या स्टेशनावर स्वतः उतरला, झेंडी काखेत, चौथ्या डब्यापर्यंत पळत गेला. घड्याळजी खिडकीला डोकं टेकून घामाने चिंब, शब्द फुटत नव्हता, साखर पार उतरली होती. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. वाचले! माझ्या बटणाने वाचले! म्हणजे... बटण न दाबल्याने वाचले. आता ह्याचा फॉर्म भरायचा कसा? मी मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "बटण दाबलं का? नाही. गाडी मधेच थांबली का? नाही. मग ह्यात तुझं काय?"

माझं काय! ... तुम्हीच सांगा, माझं काय?

बरं, आता आजचं. आज मी मुद्दाम ह्या गाडीत बसलो, शेवटचा दिवस सुखरूप पार पडतोय का बघायला. मामीही निघाली. आणि मामा घरातून निघताना नेमका जवळचा चष्मा विसरला. त्याचे दोन आहेत, लांबचा झेंडीसाठी, जवळचा वहीसाठी. मामी म्हणाली, पुढच्या थांब्यावर मी मागे जाऊन देऊन येते. म्हटलं, मी जातो. म्हणाली, "नको, तू गेलास की तुम्ही दोघं बटणावरून भांडत बसाल." चष्मा पिशवीत टाकला, छत्री उघडली आणि गेली. दोन मिनिटांचा थांबा. चष्मा दिलेला मी ह्या दाराशी उभं राहून बघितला. परत निघाली तेही बघितलं. मग बहुतेक गुडघ्याने मान टाकली, आणि ती फलाटावरच्या बाकावर बसली... आणि शिट्टी झाली, झेंडी हलली, गाडी सुटली! मामाने सोडली! स्वतःच्या बायकोला बाकावर ठेवून! कसं काय, ते देव जाणे!

मी बटणाकडे उडी मारली. दाबलं. पिवळा दिवा. आता तुम्ही सगळे साक्षीदार आहात, मी काय केलं? मी थांबलो! माझ्या पाटीला मान देऊन थांबलो! तुम्ही ओरडताय, "अहो, बोला ना!" आणि मी तुम्हाला समजावतोय, "हिरवा लागू द्या, हिरवा लागू द्या." खिडकीत मामी लहान होत चाललीय, छत्री हलवतेय, मी डोक्यात जुळवतोय, डबा क्रमांक सोळा, आसन क्रमांक बेचाळीस, अडचण... अडचण... हिरवा लागला. मामाचा आवाज आला, "बोला, कोण बोलतंय?" आणि मी, चार वर्षं शिकून आलेला, चौसष्ट शब्द लिहिलेला, तीन शब्दांवर आणलेला मी... मी सहा वर्षांचा झालो हो. माझ्या तोंडातून एकच निघालं.

"थांबा!"

आणि थांबली. जन्मात पहिल्यांदा, मी ओरडलो आणि थांबली.

पण दहावा झाला ना! आता मामा पट्टी काढणार, 'आवश्यक' खोडणार, आणि उद्या रंगारी येऊन भोकं बुजवणार. मामाला मी ओळखतो. तो माणूस स्वतःच्या लग्नातसुद्धा घड्याळात बघून... काय? काय म्हणालात? दिवा अजून हिरवाच आहे?

... अरे देवा.

म्हणजे हे सगळं... मामा? मामा, ऐकू येतंय तुला?

"सगळं ऐकू आलं." असं म्हणतोय. "कपबशांचंही आलं."

मामा, अरे बंद कर ना ते! बंद करायची किल्ली तुझ्याकडेच... "किल्ली खाली पडलीय, सापडत नाही," म्हणतोय. श्श! जरा गप्प बसा हो सगळे! मामी पोचली वाटतं. हो, पोचली, छत्री मिटल्याचा आवाज आला. मागे ऐकू येत नाही? मी सांगतो, मी सांगतो.

मामी म्हणतेय, "अहो, मी तिथे बसले होते!" मामा म्हणतोय, "मला दिसली नाहीस." "एवढी निळी छत्री दिसली नाही?" "काहीतरी निळं दिसलं. मला वाटलं, पाण्याचं पिंप आहे." ... हसू नका! हसू नका, तिकडे ऐकू जातं! "पिंप? मी पिंप?" ... थांबा, मामा काहीतरी हळू बोलतोय... "अगं, तू दिलेला जवळचा चष्मा लावून वही लिहीत होतो. तोच डोळ्यांवर राहिला. तसंच बाहेर बघितलं." ... अहो, जवळच्या चष्म्यातून लांबचं बघितलं त्याने! एकतीस वर्षांत पहिल्यांदा!

मामा आता कागद चाळतोय. नववं पान... दहावं पान. "ह्याचं काय लिहायचं ते नियमाने बघावं लागेल," म्हणतोय. "थांबवण्यामागे जिवाला धोका होता का?" मामी म्हणतेय, "तेव्हा नव्हता. आता आहे. तुमच्या."

श्श! फाइलवाले साहेब, तुमच्या खटल्याची सुनावणी तीन वाजता आहे म्हणालात ना? मग इथला निकाल ऐका आधी.

तुम्हाला कळतंय का, अडलंय कुठे? 'अनावश्यक' ठेवलं, तर दोष प्रवाशाचा, म्हणजे माझा, मामाची वही कोरी करकरीत राहते आणि माझं बटण जातं. आणि 'आवश्यक' ठेवलं, तर कारण लिहावं लागतं. खरं कारण. गार्डने चुकीच्या चष्म्यातून बघितलं. एकतीस वर्षांच्या वहीत, शेवटच्या आठ महिन्यांत, स्वतःच्या हाताने! मामा, अरे नको. मी सांगतो तुला, नको! खोड 'आवश्यक'! बटण गेलं तर गेलं, मी दुसरं काही... मी भाजी विकेन! खोड!

... पेनाचं टोपण काढलं त्याने.

पट्टीचा आवाज आला. टक. लाकडी पट्टी आहे त्याची, मी ओळखतो. रेघ मारली. मामी विचारतेय, "काय खोडलंत?" ...

"अनावश्यक," म्हणतोय.

मागे ऐकलंत? 'अनावश्यक' खोडलं! 'आवश्यक' ठेवलं! "आणि कारण लिहिलंय," म्हणतोय, "गार्डची नजरचूक." मामी म्हणतेय, "अहो, तुमची वही..." मामा म्हणतोय, "असू दे गं. कपाटात कपबशाच बऱ्या दिसतात." आणि... मला म्हणतोय. "भाच्या, उद्या सकाळी घड्याळजी कोणाशी बोलतील रे बटण काढलं तर?"

... काही नाही. डोळ्यात काहीतरी गेलं. खिडक्या उघड्या असल्या की धूळ येते.

टाळ्या? हो, वाजवा, वाजवा! वाचलो हो, नऊच राहिले! शिट्टी झाली, बघा! झेंडी... चष्मा बदललास ना मामा? बदललाय म्हणतोय. सुटली! सुटली गाडी! मामी तिकडेच बसलीय गार्डच्या डब्यात, पुढच्या थांब्यावर येईल इकडे. बसा, सगळे बसा आता, संध्याकाळपर्यंत कोणी त्या बटणाकडे बघायचंसुद्धा नाही, मी हात जोडतो, तुम्हा सगळ्यांचे उपकार... ओ फाइलवाले साहेब, तिथे नाही! तिथे बरणी आहे! अहो बरणी, मामीची बरणी, अहो खाली बघा, बसू नका, थांबा! थांबा!

...

काय झालं? गाडी का थांबली?

... दिवा. दिवा हिरवाच होता ना.

मामा, तुला नाही रे! तुला नव्हतो म्हणत! मी इथे फाइलवाल्यांना... ते बसत होते... बरणीवर... मामा, हे मोजू नको! मामा, आत्ताच तर तू... काय म्हणतोय? "कारण?" म्हणतोय. पट्टी काढली त्याने. संपलं. काका, संपलं सगळं. मधाच्या बरणीपायी गेलं. 'दाबा' ठेवायचं, 'बोला' ठेवायचं, मधला शब्द लिहायलाच नको होता...

श्श! मामी. मामी काय म्हणतेय?

"अय्या, बरं झालं बाई थांबली! माझी पिशवी बाकावरच राहिली! घराची किल्ली आहे तिच्यात!"

...

मामा सुस्कारा सोडतोय. इथपर्यंत ऐकू आला. रेघ मारली. म्हणतोय... "आवश्यक."

हो. ती बघा. निळी छत्री. उतरलीय, निघालीय फलाटाकडे. जायचं, पिशवी घ्यायची आणि परत यायचं. खांबाशी दोनदा टेकेल.

बसा. सगळे बसा. बरणी मी मांडीवर घेतो, फाइलवाले साहेब, तुम्ही बसा तिथे आरामात. दाबून झालं, बोलून झालं... आता आपल्या वाट्याला राहिलाय तो मधला शब्द.